लिलाव-यादीतली सातवी नोंद

माझ्यासमोर चार पानांची एक यादी आहे. साध्या कागदावर छापलेली, डाव्या कोपऱ्यात स्टेपलची पिन मारलेली. तिच्यात एकोणीस नोंदी आहेत. सातवी नोंद अशी : ‘पेटी, साडेतीन सप्तकांची, भाता दुरुस्त केलेला. या पेटीचा संबंध १९२१ सालच्या संयुक्त मानापमानाशी जोडला जातो. मूळ बोली रु. ३,०००.’

ही नोंद मी लिहिली. या लेखात मला तिचं परीक्षण करायचं आहे. दुसऱ्याच्या पुस्तकावर लिहिताना जी शिस्त आपण पाळतो, ती स्वतःच्या तीन ओळींना लावून पाहावी असं गेले दीड वर्ष मनात आहे. शिवाय लिलावाची यादी हा एक लेखनप्रकार आहे आणि मराठीत त्याच्याकडे कुणी लेखन म्हणून पाहिलेलं माझ्या वाचनात नाही.

हकिगत थोडक्यात सांगतो. वडाळ्यात आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एका जुन्या भजनी मंडळाची खोली होती. इमारत पुनर्विकासाला गेली. नव्या इमारतीत मंडळाला जागा मिळणार, पण लहान. सामान मावणार नाही. मंडळाच्या चिटणिसांनी, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, ठरवलं की सामानाचा लिलाव करायचा आणि पैसे टाटा हॉस्पिटलात उपचाराला येणाऱ्या बाहेरगावच्या रुग्णांच्या राहण्याच्या सोयीला द्यायचे. परळच्या त्या फुटपाथवरून जो कधी गेला आहे त्याला या हेतूबद्दल काही समजावून सांगायची गरज नाही. गावाहून आलेलं माणूस, सोबत एक्स-रेचं पाकीट, डोक्याखाली पिशवी. अण्णांचा हेतू स्वच्छ होता आणि आजही मी त्याच्या बाजूचाच आहे.

यादी लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी गोदीत टॅली क्लार्क होतो. बारावीनंतर शिक्षण सुटलं, पुढचं सगळं वाचनालयात आणि जुन्या बाजारात झालं. नाट्यसंगीताच्या जुन्या जाहिराती, हँडबिलं, रेकॉर्डींच्या याद्या जमवतो, एवढंच माझं भांडवल. अण्णांना ते पुरेसं वाटलं.

आमच्या भागाला लिलाव नवा नाही. गणपती विसर्जनानंतर लालबागला भक्तांनी वाहिलेल्या सोन्याचांदीच्या वस्तूंचा जाहीर लिलाव होतो, त्याला आम्ही लहानपणापासून गर्दी करत आलो. पण तिथे वस्तूला वजन असतं. मोदक अमुक ग्रॅमचा, हार अमुक तोळ्यांचा. वरची बोली श्रद्धेची. भजनी मंडळाच्या पेटीला असं वजन नसतं. मोडक्या पेटीचं लाकूड आणि पितळ विकून काय येणार? तिची किंमत तिच्याबद्दल लिहिलेल्या वाक्यात असते, आणि ते वाक्य कुणीतरी लिहावं लागतं.

पेटीबद्दलची दंतकथा मंडळात सर्वांना पाठ होती. ८ जुलै १९२१ च्या रात्री मुंबईच्या बालीवाला थिएटरात संयुक्त मानापमान झालं, तेव्हा ही पेटी तिथे होती. कुणी म्हणे साथीला, कुणी म्हणे विंगेत तालमीपुरती.

त्या रात्रीबद्दल मराठी वाचकाला वेगळं काय सांगायचं? तरी मुद्द्यापुरतं सांगतो. खाडिलकरांचं ‘मानापमान’ १९११ मध्ये किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणलं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. दहा वर्षांनी ललितकलादर्शचे केशवराव भोसले आणि गंधर्व मंडळीचे बालगंधर्व, एकमेकांचे तोलामोलाचे प्रतिस्पर्धी, एका रंगमंचावर आले : धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. निमित्त होतं टिळक स्वराज्य फंडाचं. काँग्रेसने त्या फंडासाठी एक कोटी रुपयांचं लक्ष्य ठेवलं होतं आणि मुदत ३० जूनची होती. म्हणजे प्रयोग झाला तो मुदत उलटल्यावर आठ दिवसांनी, ही गोष्ट आठवणी सांगणारे सहसा सांगत नाहीत. मला मात्र ती आवडते. नाटकवाले उशिराच येणार! पुढे तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. वय एकतीस. त्यामुळे ती रात्र आणखीच मोठी झाली.

आणि तिचा आवाज उरला नाही. विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५ नंतरचं. १९२१ मध्ये भोंग्यापुढे उभं राहून तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी भरता येई, चालू नाटकातली गाण्यांची जुगलबंदी पकडण्याची सोयच नव्हती. केशवरावांच्या आणि बालगंधर्वांच्या तबकड्या आहेत, ती रात्र नाही. जिथे आवाज नाही तिथे माणसं वस्तूला साक्षीला उभं करतात. पेटी, शालू, हँडबिल, तिकिटाचा अर्धा तुकडा, काहीही चालतं. आमच्या मंडळाने पेटीला उभं केलं होतं.

मी पेटी उघडली. सोबत दादरचा एक दुरुस्तीवाला होता. त्याने वरची फळी काढली, सुरांची पट्टी बाहेर घेतली आणि म्हणाला, “सगळे पालिताणा आहेत.” जुन्या पेट्यांत पॅरिसचे किंवा जर्मन सूर असत, पुढे गुजरातेतल्या पालिताण्याचे आले. म्हणजे निदान सूर तरी बदललेले. एवढ्याने काही सिद्ध होत नाही, सूर बदलता येतात. पण फळीच्या आतल्या अंगाला दुकानाची छापील चिठ्ठी होती, अर्धी कसरीने खाल्लेली. दुकानाचं नाव गेलेलं. खाली अक्षरं शाबूत : दादर, मुंबई १४.

टपालाचे हे विभाग-आकडे १९२१ साली मुंबईत पडलेले नव्हते. चिठ्ठी दुरुस्तीची नव्हती, बनवणाऱ्याची होती. कापडाच्या खाली चिकटवलेली, म्हणजे पेटी जोडताना लावलेली. गोदीत आम्हांला एक गोष्ट शिकवली होती : बोजावरचा मार्का कागदावरच्या मार्क्याशी जुळला नाही तर पावतीवर सही करायची नाही.

मी अण्णांकडे गेलो.

“अण्णा, ही पेटी एकवीस सालची नाही.”

“तुम्ही होतात का तिथे?”

“मी नव्हतो. पण ही पेटीही नव्हती.”

अण्णा हसले. मग म्हणाले, “एक काम करा. होती असं लिहू नका. लोक म्हणतात असं लिहा. लोक म्हणतातच ना?”

लोक म्हणत होतेच. मी घरी येऊन लिहिलं : संबंध जोडला जातो.

आता परीक्षण. या वाक्यातला प्रत्येक शब्द खरा आहे. संबंध जोडला जात होता, मी स्वतः तो जोडला जाताना ऐकला होता. कर्मणी प्रयोगाची ही सोय आहे की कर्ता दिसत नाही. कोण जोडतो, केव्हापासून जोडतो, त्याने काय पाहिलं, यांतलं काहीही न सांगता वाक्य पूर्ण होतं आणि भारदस्तही दिसतं. आपल्या संशोधनपर लेखनात ‘मानले जाते’, ‘सांगितले जाते’, ‘समजले जाते’ यांचं जे पीक आहे त्याचं मूळ याच सोयीत आहे. पण लेखात असं वाक्य आलं तर वाचक फार तर फसतो. लिलावाच्या यादीत ते आलं की त्याच्यावर पैसे लागतात. आणि मी काय केलं नाही ते अधिक महत्त्वाचं : चिठ्ठीचा उल्लेख केला नाही. खोटं एक अक्षर न लिहिता मी खोटं लिहिलं.

चित्रांचा लिलाव करणाऱ्या मोठ्या विदेशी पेढ्यांच्या याद्या मी पुढे मुद्दाम पाहिल्या. त्यांच्या शेवटी एक शब्दार्थांचं पान असतं. ‘अमुक चित्रकाराचे असावे’, ‘अमुकच्या चित्रशाळेतील’, ‘अमुकच्या वर्तुळातील’, ‘अमुकच्या पद्धतीचे’, ‘अमुकवरून’. या प्रत्येक शब्दप्रयोगाचा पेढीच्या मते नेमका अर्थ काय, हे तिथे लिहिलेलं असतं. म्हणजे शंकेच्याही पायऱ्या ठरवलेल्या. व्यापाऱ्यांनी हे कायद्याच्या भीतीने केलं असेल, पण त्यातून शंका नीट लिहिण्याची एक परिभाषा तयार झाली. आपल्याकडे ‘संबंधित’ या एका शब्दाखाली सगळं खपतं.

संगीताच्या वस्तूंचे धर्मादाय लिलाव तिकडे मोठ्या प्रमाणावर झाले आहेत. एरिक क्लॅप्टनने जून १९९९ मध्ये न्यूयॉर्कला आपल्या शंभर गिटारी विकल्या, अँटिग्वा बेटावरच्या आपल्या व्यसनमुक्ती केंद्रासाठी. ‘ब्राउनी’ नावाची १९५६ ची गिटार ४,९७,५०० डॉलरला गेली. ‘लैला’ या १९७० च्या तबकडीत ती वाजली होती. ती घेतली सिॲटलच्या संगीत संग्रहालयासाठी, म्हणजे दानही झालं आणि वस्तू लोकांना पाहायलाही राहिली. डेव्हिड गिलमोरचा लिलाव २० जून २०१९ चा. सव्वाशेच्या आसपास गिटारी, २ कोटी १५ लाख डॉलर, सगळे पर्यावरणाचे खटले लढणाऱ्या क्लायंटअर्थ या संस्थेला. त्यातली ‘ब्लॅक स्ट्रॅट’ एकटी ३९ लाख ७५ हजारांना गेली.

या ब्लॅक स्ट्रॅटपाशी मी बराच वेळ थांबलो, कारण ती आमच्या पेटीची बहीण आहे. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या दुकानात घेतलेली ही गिटार पुढे इतक्यांदा उघडली गेली की मूळचं तिच्यात फार थोडं राहिलं. मान बदलली, तीही एकदा नाही; आवाज उचलणारे लोहचुंबक बदलले, खटके बदलले. आमच्या पेटीचे सूर बदलले तसंच. फरक हा की गिलमोरची वाद्यं सांभाळणाऱ्या फिल टेलरने केव्हा काय बदललं याचा अख्खा ग्रंथ लिहून ठेवला. बदल लपवले नाहीत, मोजले. आणि खरेदीदाराला ते दोष वाटले नाहीत. जुनी वस्तू म्हणजे न बदललेली वस्तू, हा आपला समज भाबडा आहे. वाजणारं वाद्य बदलतंच. न बदललेली पेटी ही बहुतेक न वाजलेली पेटी असते.

लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबची गोष्ट याहून आपल्याजवळची वाटते. बीटल्स जिथे पावणेतीनशेहून अधिक वेळा वाजवून गेले ते तळघर १९७३ मध्ये बंद झालं, भुयारी रेल्वेच्या हवेच्या झरोक्यासाठी. झरोका पुढे झालाच नाही. (वाचून हसू नये, आपल्या शहरातही असे झरोके आहेत.) ऐंशीच्या दशकात तिथल्या पाच हजार विटा पाच-पाच पौंडांना विकल्या, अनाथ मुलांच्या स्ट्रॉबेरी फील्ड या आश्रमासाठी, आणि उरलेल्या विटा नव्या क्लबच्या बांधकामात वापरल्या. विटेने गाणं ऐकलं असं काही सिद्ध करता येत नाही, पण ती त्या भिंतीची आहे एवढं सांगता येतं आणि यादीने तेवढंच सांगितलं. त्या मर्यादेत राहून मुलांना पैसे मिळाले.

आपल्याकडे दानासाठी वस्तूचा लिलाव पुकारण्याची सर्वांत मोठी परंपरा गांधीजींची. १९३३-३४ च्या हरिजन दौऱ्यात त्यांना मिळालेली मानपत्रं, मानपत्रांच्या पेट्या, बायकांनी काढून दिलेले दागिने, यांचा लिलाव ते सभेतच करत. चांदीची पेटी कितीची हे त्यात गौण होतं. पण तिथे साक्षीची अडचण नव्हती. पुकारणारा माणूसच साक्षीदार, वस्तू त्याच्या हातात आलेली सगळ्यांनी पाहिलेली. आमच्या लिलावात पुकारणारा मी, आणि पेटी कुणाच्या हातातून आली हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या टोकाला गंधर्व महाविद्यालयाचा लिलाव आहे. त्याच्याबद्दल लिहायला मला नेहमी जड जातं. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला विद्यालय काढलं, १९०८ मध्ये मुंबईला आणलं, पुढे सँडहर्स्ट रोडवर स्वतःची इमारत उभी केली. देणग्या होत्या पण त्यांनी भागलं नाही, कर्ज काढावं लागलं. कर्ज फेडायला बुवा गावोगाव जलसे करत. गाण्याला दरबारातून आणि कोठीवरून उचलून मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आणणाऱ्या माणसाचं आयुष्य व्याजात गेलं. १९२४ मध्ये सावकारांनी इमारतीसकट मालमत्तेचा लिलाव केला. तोवर बुवांचं मन रामनामाकडे वळलं होतं आणि नाशिकचा आश्रम उभा राहिला होता. १९३१ मध्ये ते मिरजेला गेले.

सावकाराच्या यादीला कुणी वाक्य जोडत नाही. तिथे तंबोरा म्हणजे तंबोरा, नग इतके. कुणी छेडला, कुणाच्या मांडीवर होता, याला भाव नाही. धर्मादाय लिलाव आणि सावकारी लिलाव यांच्यात मला हाच खरा फरक दिसतो. एकात वाक्याला किंमत येते, दुसऱ्यात नगाला. म्हणून धर्मादाय लिलावातलं वाक्य बिघडलं की त्या लिलावापाशी सावकारापेक्षा वेगळं असं फारसं उरत नाही. उलट सावकाराने निदान खोटं सांगितलेलं नसतं.

आणि सँडहर्स्ट रोडच्या इमारतीवर हातोडा पडल्यावरही बुवांचं जे राहिलं ते यादीत मांडता येण्यासारखं नव्हतंच. विनायकबुवा पटवर्धन, ओंकारनाथ, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे शिष्य, स्वरलेखनाची पद्धत, बुवा गेले त्याच वर्षी शिष्यांनी स्थापन केलेलं मंडळ आणि त्याच्या परीक्षा. आज वडाळ्यातली मुलगी ‘विशारद’ला बसते तेव्हा ती १९२४ मध्ये न विकल्या गेलेल्या मालमत्तेतलंच काहीतरी वापरत असते.

आमचा लिलाव एका रविवारी सकाळी झाला. तबल्याच्या दोन जोड्या, झांजा, टाळांचे बारा जोड, पितळी समया, गॅसबत्ती, तसबिरी. टाळ सर्वांत आधी गेले, शेजारच्याच मंडळाने घेतले, आणि मला वाटतं तो एकच सौदा सर्वार्थाने योग्य होता. सातव्या नोंदीला अण्णांनी आवाज चढवला. कर्मणी प्रयोग तिथेच गळाला. “संयुक्त मानापमानाची पेटी!” तीन हजारांची बोली एक्केचाळीस हजारांवर थांबली. घेणारे गृहस्थ नाट्यसंगीताचे शौकीन, पनवेलकडचे. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

एकोणीस नोंदींचे मिळून जे पैसे आले त्यांत जवळजवळ निम्मे या एका पेटीचे होते. ते जिथे जायचे तिथे पोचले, पावती मी पाहिली आहे.

महिनाभराने मंडळातल्या एका आजींना भेटायला गेलो. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचे यजमान गिरणीत जॉबर होते आणि मंडळात पेटी वाजवत. लिलावाचं त्यांना उशिरा कळलं, नव्या जागी भाड्याने राहायला गेल्यामुळे. मी सहज पेटीचा विषय काढला.

“ती होय? ती आम्ही वर्गणीची घेतली. माणशी महिना एक रुपया. दोन वर्षं लागली. दादरवरून खांद्यावर आणली यांनी आणि आणखी दोघांनी, ट्रामचे पैसे वाचवायला.”

मी विचारलं, बालगंधर्वांचं काय मग?

“ते अण्णांचे वडील सांगायचे. त्यांना कौतुक फार.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “संपात सगळं विकलं मंडळानं. मोठी समई विकली, एक तबला विकला. पेटी काढली नाही. हे म्हणाले, पेटी गेली तर गुरुवारी बसायचं कशाला?”

संप म्हणजे १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला, अडीच लाख गिरणी कामगारांचा. आमच्या भागात नुसतं ‘संप’ म्हटलं तरी दुसरा कुठला डोळ्यांपुढे येत नाही. त्या दीड-दोन वर्षांत घराघरांतून भांडी गेली, मंगळसूत्रं गेली. भजनी मंडळाने समई विकली आणि पेटी ठेवली.

म्हणजे पेटीला इतिहास होता. एकेका रुपयाचा होता, नावांनिशी होता, आणि तो सांगणारं माणूस हयात होतं. मी तिला बालीवाला थिएटरात नेऊन बसवलं आणि ज्या खोलीत तिने तीस-पस्तीस वर्षं गुरुवार काढले ती खोली यादीत आणलीच नाही. चिठ्ठी लपवली ही पहिली चूक. दुसरी चूक मला मोठी वाटते : लिलावाच्या आधी मी पेटी उघडली, आजींचं दार वाजवलं नाही. लाकडाला विचारलं, माणसाला नाही. नामांकित रात्रीच्या मागे लागलेला संशोधक असंच करतो. संयुक्त मानापमानावर आठवणींची कमतरता नाही. गिरणगावातल्या भजनी मंडळांनी वाद्यं कशी घेतली, कशी दुरुस्त केली, संपात काय विकलं आणि काय नाही, याच्या टिपणांची एक वहीही माझ्या संग्रहात नाही, आणि मी इथेच वाढलो आहे.

अण्णांशी बोललो. ते म्हणाले, “खरं लिहिलं असतं तर चार हजार आले असते. त्या पोरांच्या खाटा तुम्ही आणल्या असत्या का?” माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आजही नाही. आजींची गोष्ट यादीत असती तर बोली कुठे थांबली असती हे सांगता येत नाही. पण एवढं मी त्यांना म्हणालो की पुढच्या वेळी यादीला तीन महिने द्या आणि रिक्षाभाड्याचे पैसे लिलावाच्या खर्चात धरा. “पुढच्या वेळी विकायला काय उरलंय?” अण्णा म्हणाले.

पनवेलच्या गृहस्थांना मी पत्र लिहिलं. चिठ्ठीचं, पालिताणा सुरांचं, आजींचं, सगळं. पेटी परत करायची असेल तर रकमेची जबाबदारी हप्त्याहप्त्याने मी घेईन, हेही. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाजात राग होता आणि तो रास्त होता. त्यांनी माझ्या यादीचं सातव्या नोंदीचं पान फ्रेम करून पेटीवर टांगलं होतं. पाहुण्यांना दाखवलं होतं. पैसे परत नकोत म्हणाले, ते दान झालं. मग विचारलं, “त्या बाईंच्या यजमानांचं नाव काय होतं?”

मी सांगितलं. ते लिहून घेत असावेत, कारण त्यांनी आडनाव दोनदा विचारलं.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्याकडे गेलो. फ्रेम भिंतीवर नव्हती. त्यांनी पेटीची वरची फळी काढून दाखवली. दुकानाच्या चिठ्ठीशेजारी त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक कागद डकवला होता : वर्गणी महिना एक रुपया, तीन माणसांनी दादरहून खांद्यावर आणली, संपात विकली नाही. खाली नाव. त्याच्याखाली माझं वाक्यही होतं, फ्रेममधून कापलेलं, त्यावर लाल शाईची एक आडवी रेघ. मग फळी बसवून त्यांनी भाता उघडला. काळी चारच्या जवळचा एक सूर अडकत होता, तो दादरच्याच माणसाला दाखवायचा म्हणाले.